मूलद्रव्यांचे वितळबिंदू : प्रस्तावना

मूलद्रव्यांच्या कोणत्याही कोष्टकात अणुभार आणि घनता यांच्या शेजारी वितळबिंदूचा रकाना असतो, आणि तो वाचताना बहुधा असे गृहीत धरले जाते की, अणुभाराप्रमाणेच हाही त्या मूलद्रव्याला जन्मतः चिकटलेला आकडा आहे. पारा उणे ३८.८ अंश सेल्सियसला वितळतो, कथील २३१.९ला, शिसे ३२७.५ला, जस्त ४१९.५ला, चांदी ९६१.८ला, सोने १०६४.२ला, तांबे १०८४.६ला, लोखंड १५३८ला आणि टंगस्टन सुमारे ३४२० अंशांना. ही चढती भाजणी विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. परंतु अणुभार हा एकट्या अणूचा गुण आहे, वितळबिंदू तसा नाही. सोन्याच्या एका अणूला वितळबिंदू नसतो. तो असंख्य अणूंच्या समूहालाच असू शकतो, आणि तिथेही तो केवळ घनरूप सोन्याविषयी काही सांगत नाही, तर घन व द्रव या दोन अवस्था ज्या तापमानाला तुल्यबळ होतात त्याची नोंद करतो. वितळबिंदू हा दोन पक्षांमधला संबंध आहे, एका पक्षाचे सामर्थ्य नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवली तर या रकान्यातील पुष्कळशा विसंगती विसंगती राहत नाहीत.

शुद्ध धातूचा तुकडा तापवत नेला तर त्याचे तापमान वाढत जाते. परंतु वितळण्यास प्रारंभ झाला की उष्णता सतत पुरवूनही तापमान स्थिर राहते आणि शेवटचा कण द्रवरूप होईपर्यंत ते हलत नाही. या काळात शोषली जाणारी, तापमापीला न दिसणारी उष्णता म्हणजेच सुप्त उष्णता. जोसेफ ब्लॅक यांनी स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात बर्फ आणि पाणी यांच्यावरील प्रयोगांतून ती ओळखली. थंड होत जाणाऱ्या द्रव धातूचा आलेख काढला तर त्यात जी सपाट पायरी दिसते, तिची उंची हाच वितळबिंदू होय. धातू अशुद्ध असेल तर पायरी कलते, खाली सरकते किंवा पुसट होते, आणि म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ वितळबिंदूकडे शुद्धतेची कसोटी म्हणूनही पाहतात. काही द्रव गोठण्याच्या तापमानाखाली गेल्यावरही, स्फटिकाचे बीज न मिळाल्यामुळे, बराच काळ द्रवच राहतात. या अतिशीतनाचे गॅलियम हे ठळक उदाहरण आहे. उलट दिशेने मात्र असे सहसा घडत नाही, कारण घनाला पृष्ठभाग असतोच आणि वितळण्याची सुरुवात तिथूनच होते.

वितळणे म्हणजे अणूंमधले बंध तुटणे, अशी समजूत शालेय पुस्तकांनी दृढ केली आहे आणि ती बरीचशी चुकीची आहे. तांबे, लोखंड किंवा सोने द्रवरूप करण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे पंचवीस पट उष्णता त्याच धातूची वाफ करण्यास लागते. याचा अर्थ द्रव धातूतही अणू एकमेकांना जवळजवळ तेवढ्याच घट्टपणे धरून असतात. कथील २३२ अंशांना वितळते, पण उकळते २६०० अंशांच्या आसपास. वितळताना मोडते ती शिस्त, म्हणजे स्फटिकातील ठरलेली, दूरवर पुनरावृत्त होणारी मांडणी. संगत मोडत नाही. त्यामुळे वितळबिंदू ठरतो तो दोन राशींच्या भागाकारातून. वितळताना किती ऊर्जा लागते ही पहिली राशी आणि अव्यवस्था, म्हणजे एंट्रॉपी, किती वाढते ही दुसरी. पहिलीला दुसरीने भागले की केल्विन मापनातील तापमान मिळते. गॅलियमच्या स्फटिकात अणू जोड्याजोड्यांनी विचित्र रीतीने मांडलेले असतात, ती मांडणी मोडताच द्रव अधिक दाटीने बसतो आणि एंट्रॉपी इतर साध्या धातूंच्या मानाने दुपटीच्या घरात वाढते. म्हणून गॅलियम २९.८ अंशांना, म्हणजे हाताच्या तळव्यावर, वितळते, परंतु उकळायला त्याला २२०० अंशांच्या वरचे तापमान लागते. गॅलियमचे बंध दुबळे आहेत असे त्याच्या वितळबिंदूवरून कोणी म्हटले तर उकळबिंदू त्याला तत्काळ खोटे पाडतो.

घन नेमका केव्हा ढासळतो याचे पहिले उपयोगी उत्तर फ्रेडरिक लिंडेमान यांनी १९१० मध्ये दिले. अणू आपापल्या जागी कंप पावत असतात, तापमानाबरोबर कंपाचा विस्तार वाढतो, आणि तो शेजारच्या अणूपर्यंतच्या अंतराच्या साधारण दहाव्या हिश्शाला पोचला की स्फटिक टिकत नाही, असा तो निकष आहे. तो ढोबळ आहे, त्यात द्रवाचा विचारच नाही, आणि तरीही अनेक साध्या धातूंना तो बऱ्यापैकी लागू पडतो. भौतिकीत असे अर्धवट पण टिकाऊ नियम पुष्कळ आहेत.

आवर्तसारणीतून आडवे जाताना वितळबिंदूंचा जो डोंगर दिसतो तो सहाव्या आवर्तनात सर्वांत देखणा आहे. हॅफ्नियम २२३३, टँटलम ३०१७, टंगस्टन ३४२२, मग उतार सुरू : ऱ्हेनियम ३१८६, ऑस्मियम ३०३३, इरिडियम २४४६, प्लॅटिनम १७६८, सोने १०६४ आणि शेवटी पारा, शून्याखाली. संक्रमण धातूंमध्ये डी-कवचातील इलेक्ट्रॉन बंधनात भाग घेतात. पहिले इलेक्ट्रॉन अणूंना जोडणाऱ्या पातळ्यांमध्ये बसतात, त्या पातळ्या भरल्यावर पुढचे इलेक्ट्रॉन बंध सैल करणाऱ्या पातळ्यांमध्ये जातात, आणि म्हणून कवच साधारण अर्धे भरलेले असते तिथे शिखर येते. नियमाला अपवाद आहेतच. चौथ्या आवर्तनात क्रोमियम १९०७ आणि लोखंड १५३८ यांच्या मध्ये मँगनीज १२४६ अंशांवर घसरलेले आहे, आणि त्याची गुंतागुंतीची स्फटिकरचना व त्याचे चुंबकीय वर्तन यांच्यात याचे कारण शोधले जाते.

पाऱ्याचा प्रश्न याहून मनोरंजक आहे. जड अणूंच्या केंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या लक्षणीय अंशाने फिरतात, त्यामुळे सापेक्षता सिद्धांतानुसार बाहेरचे एस-कवचही आकसते, त्यातील इलेक्ट्रॉनांची जोडी अणूशी बिलगून राहते आणि शेजाऱ्यांशी बंध जोडण्यास नाखूश असते. हे स्पष्टीकरण अनेक वर्षे तोंडी चालत आले होते. २०१३ मध्ये पेटर श्वेर्टफेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय गणिताने दाखवले की, सापेक्षतेचा परिणाम वगळला तर पारा सुमारे १०० अंश वर वितळला असता. तापमापीतील पाऱ्याची चकाकती रेघ आइनस्टाइनच्या सिद्धांतामुळे वाहती राहिली आहे, हे विधान वाटते तेवढे अतिशयोक्त नाही.

हे आकडे हाती आले कसे, हा इतिहासही थोडा तपशिलाने पाहण्यासारखा आहे, कारण ज्या तापमानाला धातू वितळतो ते मोजणारे साधनही कशाचे तरी बनलेले असते आणि तेही कुठेतरी वितळते किंवा गोठते. सायबीरियातील येनिसेस्क येथे अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात योहान ग्मेलिन यांनी फॅरेनहाइटच्या उणे १२० अंशांपर्यंतच्या थंडीची नोंद केली; वस्तुतः तापमापीतील पारा गोठून आकसला होता आणि नळीतील त्याची घसरण थंडीची नव्हे, गोठण्याची साक्ष देत होती. सेंट पीटर्सबर्ग येथे १७५९च्या डिसेंबरात ब्राउन यांनी पारा कृत्रिम रीतीने गोठवून तो ठोकता येतो असे दाखवले, आणि हडसन उपसागराच्या काठी झालेल्या प्रयोगांच्या आधारे १७८३ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी त्याचा गोठणबिंदू उणे ३९ अंश सेल्सियसच्या जवळपास आहे हे निश्चित केले.

वरच्या टोकाला गोंधळ याहून मोठा होता. इंग्लंडमधील कुंभकार उद्योजक जोसाया वेजवुड यांनी १७८२ मध्ये भट्टीचे तापमान मोजण्यासाठी मातीच्या छोट्या तुकड्यांचा उपयोग केला. तापल्यावर माती जेवढी आकसेल तेवढे तापमान अधिक, अशी ती योजना होती. भट्टीवर काम करणाऱ्यासाठी ती उत्तम होती, कारण कालच्या आणि आजच्या आगीची तुलना तिने करता येत असे. परंतु वेजवुड यांनी आपले अंश फॅरेनहाइटच्या मापाशी जोडले तेव्हा चांदीचा वितळबिंदू ४७१७ अंश फॅरेनहाइट आणि बिडाचा १७९७७ अंश फॅरेनहाइट निघाला. सेल्सियसमध्ये सांगायचे तर चांदी २६०० अंशांना आणि बीड दहा हजार अंशांच्या जवळ. खरे आकडे अनुक्रमे ९६२ आणि सुमारे ११५० ते १२०० आहेत. तरीही हे आकडे कित्येक वर्षे पुस्तकांत छापले जात राहिले, कारण त्यांना खोडून काढण्यासाठी लागणारे दुसरे साधन उपलब्ध नव्हते.

ते साधन घडवणाऱ्यांपैकी एक जण बनारसच्या टांकसाळीत होता. जेम्स प्रिन्सेप हे नाव भारतीय वाचकाला ब्राह्मी लिपीच्या उलगड्यामुळे परिचित आहे, परंतु १८३७च्या त्या कामगिरीपूर्वी सोन्याचांदीचा कस पाहणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि त्यासाठी भट्टीचे तापमान ठाऊक असणे अगत्याचे होते. त्यांनी चांदीत सोने आणि सोन्यात प्लॅटिनम टप्प्याटप्प्याने मिसळून मिश्रधातूंची एक चढती मालिका तयार केली. भट्टीत या मालिकेतील बारीक तुकडे ठेवले की कोणता वितळला आणि कोणता नाही, यावरून तापमान कळे. त्याखेरीज सोन्याचा पोकळ फुगा करून, त्यातील तापलेल्या हवेच्या प्रसरणावरून त्यांनी प्रत्यक्ष अंशही मोजले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निबंधात चांदीचा वितळबिंदू १८३० अंश फॅरेनहाइट, म्हणजे ९९९ अंश सेल्सियस, दिलेला आहे. आजच्या आकड्यापेक्षा तो अवघा ३७ अंशांनी जास्त आहे, आणि वेजवुड यांच्या आकड्याशेजारी ठेवला तर त्या कामाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. लिपी वाचणारा प्रिन्सेप इतिहासाच्या पुस्तकांत अमर झाला, आग मोजणारा प्रिन्सेप विस्मरणात गेला, हा काहीसा अन्याय आहे.

आज नाते उलटे झाले आहे. १९९० पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत इंडियम, कथील, जस्त, ॲल्युमिनियम, चांदी, सोने आणि तांबे यांचे गोठणबिंदू हेच मैलाचे दगड म्हणून ठरवून दिलेले आहेत आणि तापमाप्या त्यांच्यावरून जुळवल्या जातात. भारतात ही जबाबदारी नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. त्यामुळे सोन्याचा १०६४.१८ हा आकडा त्या श्रेणीपुरता मोजलेला नसून ठरवलेला आहे. १९४८च्या श्रेणीत तो १०६३ होता, १९६८च्या श्रेणीत १०६४.४३ झाला, सोने तेच राहिले, अंशाची व्याख्या नेटकी होत गेली. जुनी पुस्तके आणि नवी पुस्तके यांच्या आकड्यांतील काही किरकोळ फरकांचे मूळ इथे आहे.

माणसाने धातू वितळवण्यास आरंभ केला तेव्हा अर्थातच अंश नव्हते, भाता होता. उघड्या लाकडी जाळाची धग तांब्याला द्रवरूप करण्यास पुरत नाही. कोळसा, बंदिस्त भट्टी आणि फुंकलेली हवा यांच्या संगतीनेच १०८५ अंशांची पायरी चढता येते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेला रथ, गेंडा, हत्ती आणि म्हैस यांचा ओतीव संच ६० किलोंहून अधिक वजनाचा आहे. एवढा धातू एकाच वेळी ओतला नसला तरी भरीव प्राण्यांच्या साच्यांत रस मध्येच न थिजता भरणाऱ्या ओताऱ्यांचे आगीवरचे प्रभुत्व त्यातून उघड होते. तांब्यात दहावा हिस्सा कथील मिसळले की मिश्रण सुमारे १००० अंशांना पूर्ण वितळते, साचा अधिक चांगला भरते आणि थंड झाल्यावर अधिक कठीण बनते. कांस्ययुग ज्या धातूवरून ओळखले जाते त्याचा एक पाया या ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या सवलतीत आहे.

लोखंडाचा १५३८ हा आकडा मात्र जुन्या भट्ट्यांच्या आवाक्याबाहेर होता, आणि तरी लोखंड हजारो वर्षे तयार होत होते. याचे कारण असे की, धातुकातील ऑक्सिजन कोळशाच्या साहाय्याने काढून टाकण्यासाठी लोखंड वितळावे लागत नाही. सुमारे १२०० अंशांना मळी द्रवरूप होऊन वाहते आणि मागे सच्छिद्र, घनरूप लोखंडाचा गोळा उरतो, तो ठोकून ठोकून साफ करायचा. दिल्लीचा सहा टनांहून अधिक वजनाचा लोहस्तंभ असा गोळ्यांना गोळे जोडत घडवलेला आहे. तो ओतलेला नाही. चीनमध्ये दुसरी वाट सापडली. लोखंडाने तप्त भट्टीत भरपूर कार्बन शोषला की वितळबिंदू वेगाने उतरतो आणि ४.३ टक्के कार्बनला तो सुमारे ११५० अंशांवर येऊन ठेपतो. हेच बीड, आणि ते तिथे इसवी सनापूर्वीच साच्यांत ओतले जात होते. दक्षिण भारतातील कारागिरांनी मधला मार्ग धरला. घडीव लोखंड आणि वनस्पतिजन्य पदार्थ मातीच्या बंद मुशीत दीर्घकाळ तापवून त्यांनी दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले पोलाद द्रवरूपात मिळवले. तेलंगणातील कोनसमुद्रम हे अशा पोलादाचे ख्यातनाम केंद्र होते आणि तिथल्या लगडी इराणपर्यंत जात. वितळबिंदूपर्यंत आग वाढवता येत नसेल तर वितळबिंदूच आगीपर्यंत खाली आणायचा, ही युक्ती धातुविद्येच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

जस्ताच्या बाबतीत अडचण नेमकी विरुद्ध होती. जस्त ४१९.५ अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, पण त्याच्या धातुकाचे क्षपण, म्हणजे त्यातील ऑक्सिजन हटवण्याची क्रिया, सुमारे १००० अंशांना नीट होते. म्हणजे जस्त जन्मते तेच वाफ होऊन, आणि हवा लागताच ती पुन्हा जळून भस्म होते. राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे मध्ययुगात यावर मोठ्या प्रमाणावर तोडगा काढला गेला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तोंडे खाली करून भट्टीत मांडीत, एका भट्टीत ३६ अशा, आणि वाफ नळीतून खालच्या थंड कप्प्यात उतरून तिथे जस्त गोळा होई. युरोपात ब्रिस्टल येथे विल्यम चॅम्पियन यांनी अधोगामी ऊर्ध्वपातनाचे एकस्व मिळवले ते १७३८ मध्ये. जावरच्या टेकड्यांवर त्या वापरलेल्या मुशींचे ढीग आजही आहेत, आणि कित्येक घरांच्या भिंतीही त्यांच्याच रचलेल्या आहेत.

मिश्रणाने वितळबिंदू उतरतो हा नियम रोजच्या कारागिरीतही भरून राहिला आहे. सोने आणि तांबे दोन्ही १०६० अंशांच्या वर वितळतात, परंतु ८० टक्के सोने व २० टक्के तांबे यांचे मिश्रण सुमारे ९१० अंशांनाच द्रव होते. कथील ६३ आणि शिसे ३७ टक्के घेतले तर मिश्रण १८३ अंशांना, कोणत्याही चिकट मधल्या अवस्थेशिवाय, एकदम वितळते. अशा नीचतम बिंदूच्या मिश्रणाला यूटेक्टिक म्हणतात, आणि डाखकामाच्या एका संपूर्ण काळाचा आधार हेच मिश्रण होते. कल्हईवाला नवसागर टाकून तांब्याच्या भांड्यावर कथील फिरवतो तेव्हा तोही २३२ आणि १०८५ या दोन आकड्यांतील प्रचंड दरीवरच विसंबून असतो. ॲल्युमिनियमचा उद्योगही याच तत्त्वावर उभा राहिला : त्याचे ऑक्साइड २०७२ अंशांना वितळते, पण वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ते सुमारे ९६० अंशांना विरघळते, आणि १८८६ मध्ये हॉल व एरू यांनी स्वतंत्रपणे त्यातून वीज सोडून धातू काढला.

काही धातूंपुढे मात्र मिश्रणाची युक्ती चालत नव्हती, कारण ते शुद्धच हवे होते. टंगस्टन वितळवायचे तर ते धरून ठेवणारी मूस कशाची करायची, हा प्रश्न होता. विल्यम कूलिज यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर टंगस्टनची भुकटी दाबून, तापवून आणि घडवून, ते कधीही न वितळवता, त्याची लवचीक तार काढली. विजेच्या दिव्यातील तार सर्वांत उशिरा वितळणाऱ्या धातूची असते, आणि ती वितळवून केलेली नसते.

दाब आणि आकार यांनीही हे आकडे हलतात. बहुतेक धातूंचा वितळबिंदू दाबाबरोबर वाढतो, आणि इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये ओळखलेला पृथ्वीचा आंतरगाभा बाह्य गाभ्याहून अधिक तप्त असूनही घन आहे तो त्यामुळेच. तिथे दाब वातावरणाच्या ३० लाख पटींहून अधिक आहे. सोडियम मात्र आधी चढते आणि मग उलटते : सुमारे १२ लाख वातावरणांच्या दाबाखाली ते पुन्हा सामान्य खोलीच्या तापमानाजवळ वितळू लागते. सोन्याचा कण दोन-तीन नॅनोमीटरचा केला तर त्यातील बहुतेक अणू पृष्ठभागावरच येतात आणि तो शेकडो अंश आधी वितळतो.

या पुस्तकातील कोष्टकांत दिलेले वितळबिंदू, वेगळे सांगितले नसेल तिथे, शुद्ध मूलद्रव्याचे, एका वातावरणाच्या दाबाखालचे आणि अंश सेल्सियसमधील आहेत. तीन हजार अंशांच्या वरच्या आकड्यांत काही अंशांची अनिश्चितता गृहीत धरावी; टंगस्टनसाठी ३४१४ आणि ३४२२ असे दोन्ही आकडे प्रचलित आहेत. गंधक, फॉस्फरस यांसारख्या बहुरूपी मूलद्रव्यांचा आकडा कोणत्या रूपाचा आहे ते तिथेच नमूद केले आहे, कारण पांढरा फॉस्फरस ४४ अंशांना वितळतो, तांबडा नाही. फ्रान्सियमसमोर दिलेला आकडा अंदाजाचा आहे. त्याच्या सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचे अर्धायुष्य २२ मिनिटांचे असल्याने वितळवून पाहण्याइतका तुकडा कधी जमतच नाही. आर्सेनिक आणि कार्बन वातावरणाच्या दाबाखाली न वितळता थेट वायू होतात, म्हणून त्यांच्यासमोर संप्लवनाचे तापमान व वितळण्यासाठी लागणारा दाब दिला आहे. आर्सेनिकला सुमारे ३६ वातावरणे पुरतात, कार्बनला १०० लागतात आणि ४००० अंशांच्या वरचे तापमानही. हेलियमचा रकाना रिकामा आहे. केवळ थंड करून हेलियम घन होत नाही. लायडेन येथे विलेम केसोम यांनी १९२६ मध्ये ते प्रथम गोठवले तेव्हा त्यांना थंडीच्या जोडीला पंचविसाहून अधिक वातावरणांचा दाब द्यावा लागला होता.